काटेकाका

वडगावच्या तहसील कचेरीत कुठल्या खिडकीवर काम होतं ते सांगणारे काका वेगळे. रविवारी भुशी धरणावर जाऊ नका म्हणून रस्त्यात अडवणारे वेगळे. आमचे काटेकाका यांतले नव्हेत. खंडाळ्याच्या वळणावर कुणाचं बोनेट वर दिसलं की यांची स्कूटर थांबते. गाडी कुणाची, कुठून आली, आत लहान मूल रडतंय का, हे प्रश्न त्यांच्या लेखी नंतरचे. पहिला प्रश्न ठरलेला: "सेन्सर कुठे बसवलाय?"

लोणावळ्यात १९४५ पासून नौदलाच्या इंजिनियरांना शिकवणारी आयएनएस शिवाजी आहे. काका तिथूनच निवृत्त झालेत असं सगळे धरून चालतात, आणि काकांनी तो समज कधी खोडलेला नाही. ते बँकेत होते.

माझी त्यांची ओळख अशीच, वाफेतून झाली. घरात कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी आहे. कागदोपत्री पद्मिनी, तोंडी फियाट. तिचा तापमानाचा काटा मेला म्हणून एका गॅरेजात सेन्सरसकट नवा मीटर बसवून घेतला होता. खोपोली सोडली, चढ लागला, घाटातल्या शिंगरोबाला नाणं टाकलं. खोपोली ते लोणावळा म्हणजे सहाशे मीटरच्या आसपासची चढण, तीही दुसऱ्या गिअरवर. काटा सत्तरावर शांत. मीही शांत. खंडाळ्याजवळ इंजिन मात्र चहाच्या टपरीसारखं उकळायला लागलं.

काकांनी डोकं आत घातलं. "खालच्या होजमध्ये? अरे, रेडिएटरमधून गार होऊन परत निघालेलं पाणी मोजतोयस तू! आंघोळ करून आलेल्या माणसाला विचारतोयस, ऊन किती आहे?"

"गॅरेजवाला म्हणाला, सिलिंडर हेडवरच्या सेन्सरच्या जागेचे आटे गेलेत."

काकांनी फडक्याने जागा पुसून टॉर्च मारला. "आटे शाबूत आहेत. गेलाय तो त्याचा उत्साह."

मग गाडी निवेपर्यंत माझा वर्ग भरला. ताप घ्यायचा तो हेडजवळ, थर्मोस्टॅटच्या अलीकडे, म्हणजे इंजिनच्या बाजूला. थर्मोस्टॅट ऐंशी-पंच्याऐंशीला उघडतो. तो बंदच अडकला तर पलीकडचा सेन्सर गारच राहतो आणि अलीकडे हेड वाकतं. सेन्सरचं टोक वाहत्या पाण्यात बुडालेलं हवं. पाणी गळून गेलं आणि टोक हवेत लोंबकळलं की काटा उलट खाली येतो, आणि ड्रायव्हर शिट्टी वाजवू लागतो. एका वायरचा सेन्सर इंजिनच्या अंगावरूनच अर्थिंग घेतो. त्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप जाड गुंडाळला की तो खोटं बोलतो. रबरी होजच्या मध्ये बसवलेल्या पाइपाला तर अर्थिंगची वेगळी वायर द्यावीच लागते.

"थर्मोस्टॅटच काढून टाकला तर?" मी विचारलं. घाटातले निम्मे मिस्त्री हाच उपाय सांगतात.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चिक्कीतून गूळ काढून टाका म्हणालो होतो.

नव्या गाड्यांवर त्यांचा राग आहे. कित्येक गाड्यांत काटाच नाही, नुसता लाल दिवा. "ताप किती ते विचारायचं नाही, थेट दहाव्याचं आमंत्रण!" जिथे काटा असतो तिथेही तो मुद्दाम मधोमध डांबून ठेवलेला असतो, दहा-वीस अंशांनी इकडेतिकडे झालं तरी ढिम्म. गिऱ्हाइकाला उगाच काळजी नको म्हणून. काकांना काळजी हवी असते.

त्यांना निरुत्तर झालेलं पाहिल्याचं लोणावळ्यात कुणाला आठवत नाही. अपवाद एकच. चिक्कीच्या भट्टीवर त्यांनी कारागिराला पाकाचं तापमान विचारलं. त्याने पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, तो कडक झाला, कारागिराने तो कुडुम करून मोडला आणि कढई उतरवली. काका मिनिटभर गप्प होते. मग म्हणाले, "पण थेंब कढईच्या कुठल्या बाजूचा घेतलास?"

माझी गाडी उकळली त्या दिवशी अर्ध्या तासाने त्यांनी रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकून ते उघडलं. इंजिन चालू ठेवून पाणी हळूहळू ओतायला लावलं, कारण तापल्या हेडवर गार पाणी एकदम पडलं तर ते तडकतं. सेन्सर दुसऱ्या दिवशी हेडवर गेला. आता घाटात काटा पंच्याण्णवापर्यंत चढतो आणि माझी झोप उडते. काकांच्या मते गाडी सुधारली.

तुम्ही खंडाळ्यात अडकलात, तर मागून स्कूटर येईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आणि सेन्सर कुठे आहे, तेवढं घरून बघून निघा.