रेंजकाका

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, रखवालदार नाही आणि उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्याच्या वर पाणीही चढत नाही. पण आमच्याकडे रेंजकाका आहेत. त्यांचं खरं नाव मतदार यादीत असेलच. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या गल्लीत मात्र ते कुणी वापरत नाही. 'रेंज येत नाही' एवढं कुणी जिन्यात पुटपुटलं, तरी दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं आणि शर्टाची बटणं लावत काका बाहेर येतात.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. हयात गेली केबल जोडण्यात. भर पावसात रस्त्याच्या खड्ड्यात बसून, रंगावरून तारेची जोडी ओळखून, शेकडो जोड्या त्यांनी जुळवल्या. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखरामांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला, ही तारीख काका घरातल्या श्राद्धतिथीसारखी लक्षात ठेवतात. "त्या दिवशी आमची तार गेली," म्हणतात. पण तार गेली म्हणून रडत बसणारा हा माणूस नाही. बिनतारी जगातही बिघाड असतोच, हे कळलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

परवा माझी पाळी होती. सकाळी गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन दारात आला आणि म्हणाला, "ओटीपी सांगा." फोन पाहिला तर पडद्यावर 'नो सिम'. बायको हळूच म्हणाली, "काकांना कळू देऊ नका." पण तिच्या या वाक्याच्या आधीच गॅसवाला जिन्यात ओरडला होता, "साहेबांच्या फोनला रेंज नाही!"

काका आले. हातात चष्म्याची जुनी डबी. तीत ट्रे उघडायची पिन, खोडरबर, मऊ झालेला टूथब्रश, सिमच्या प्लॅस्टिकच्या चौकटी आणि घड्याळजीचं भिंग. फोनला हात लावण्याआधी काका रोग्याची चौकशी करतात.

"काय दिसतंय? नो सिम की नो सर्व्हिस?"

"काका, तेच ते."

"तेच ते कसं? अरे, नो सिम म्हणजे पाहुणा दारातच आला नाही. नो सर्व्हिस म्हणजे पाहुणा आलाय, पण यजमान ओळख दाखवत नाही. आणि इमर्जन्सी कॉल्स ओन्ली म्हणजे घरात घेणार नाही, पण मरायला टेकलास तर पाणी देऊ. ११२ लागतो त्यावर."

ट्रेचं भोक कुठलं हे काका स्वतः ठरवतात आणि त्याला कारण आहे. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी घाईत माइकच्या भोकात सेफ्टी पिन खुपसली होती. तेव्हापासून त्यांचं बोलणं पलीकडे ऐकू जात नाही, ते फक्त ऐकतात. त्यांच्या पत्नीने फोन दुरुस्तीला टाकू दिलेला नाही.

मग क्रमाने उपचार झाले. विमान मोड लावून काढला, म्हणजे फोन नव्याने टॉवर शोधतो. फोन बंद करून चालू केला. सिम काढून सोनेरी बाजूवर खोडरबर फिरवला, कोरडं पुसलं, कापलेला कोपरा जुळवून परत बसवलं. 'नो सिम.' गॅसवाल्याने एव्हाना सिलिंडर खाली ठेवून त्यावरच बैठक मारली होती.

"आता साक्षीदार," काका म्हणाले.

काकांचा साक्षीदार म्हणजे त्यांचं स्वतःचं सिम. दोष फोनचा की कार्डाचा, हे ठरवायचं तर ज्याच्याबद्दल शंका नाही असं कार्ड संशयित फोनमध्ये घालायचं. काकांनी आपल्या फोनमधून सिम काढलं, माझ्या फोनमध्ये घातलं आणि चारही काड्या उभ्या राहिल्या.

"आली रेंज!"

"काका, ती तुमच्या नंबरला आली. ओटीपी माझ्या नंबरवर येणार."

गॅसवाला उठला आणि सिलिंडरसकट गेला. काकांना त्याचं काही नव्हतं. निदान झालं होतं. फोन निर्दोष, कार्ड दोषी. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि माझं सिम उजेडात धरलं.

"कडा बघ. एका बाजूला फुगलीय. हे मूळचं नॅनो नव्हेच, मोठं कार्ड कापलंय. नॅनो लांबी-रुंदीलाच लहान नसतं, जाडीलाही पातळ असतं. कापलं की लहान होतं, पातळ होत नाही. कुणा गाढवानं कापलंय हे?"

मी बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे पाहत होती.

"तुम्हीच, काका. २०१४ साली. अडकित्त्यानं."

भिंगाआडचा डोळा क्षणभर मिटला.

"मग एवढी वर्षं चाललं ना?" काका म्हणाले.

काकांचं हे असं आहे. त्यांना चूक दाखवली की ते तिची टिकाऊपणाची हमी देतात. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी सिमला पिन घातली होती आणि ती विसरले. काकांनी त्यांची जन्मतारीख, लग्नाची तारीख आणि निवृत्तीचं साल असे तीन अंदाज केले. तिन्ही चुकले आणि कार्ड कुलूपबंद झालं. मग त्याचं कुलूप काढायचा पीयूके क्रमांकही काका अंदाजाने ठोकू लागले. तो दहा वेळा चुकला की कार्ड कायमचं मरतं. आठव्या खेपेला काकूंनी येऊन फोन हातातून काढून घेतला. काका अजून सांगतात, "दोन चान्स शिल्लक होते."

संध्याकाळी नवीन सिम घ्यायला काका माझ्याबरोबर कंपनीच्या दुकानात आले. आधार, फोटो, अर्ज हे सगळं माझं, सूचना काकांच्या. काउंटरवरच्या मुलाने कार्ड दिलं, तेव्हा काकांनी त्याच्या पाठीवरचा लांबलचक क्रमांक कुंडलीसारखा वाचला. "८९ म्हणजे दूरसंचार, ९१ म्हणजे आपला देश. पुढचं तुझं नशीब." मुलाने सांगितलं, नंबर चालू होईल, पण सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंद असतात. कुणी चोरून तुमच्या नंबरचं सिम काढलं, तर त्याला बँकेचे ओटीपी लगेच मिळू नयेत म्हणून. म्हणजे गॅसचा ओटीपी उद्याही नाही. काकांनी मान डोलावली. नियमाचं कारण पटलं की त्यांना नियमाचा त्रास होत नाही. त्रास मला होता. आमचा कुकर दोन दिवस काकूंच्या शेगडीवर लागला.

पण खरी गंमत दुकानात जायच्या आधी, दुपारी घडली होती. साक्षीदार माझ्याच फोनमध्ये विसरून काका घरी जाऊन झोपले, आणि माझा फोन वाजू लागला. पलीकडच्या गल्लीतून, स्टेशनाजवळून, एक तर थेट कोल्हापूरहून. "काका, नेट आहे पण फोन लागत नाही." "काका, पोरानं सिम कुठल्या खाचेत घातलं कळत नाही." एका आजींनी शेजारणीच्या फोनवरून विचारलं, "अरे, माझ्या फोनच्या काड्या गेल्या, काय करू?" मी घाबरत म्हणालो, "विमान मोड लावून काढा." दोन मिनिटांनी त्यांचाच फोन आला. "आल्या हो! पण आज तुमचा आवाज बसलाय का?"

दुपारभर मी रेंजकाका होतो. कंपनीच्या हेल्पलाइनवर मी सकाळी बावीस मिनिटं सनई ऐकली होती. इथे मात्र दुसऱ्या घंटीला माणूस बोलत होता, यावर या लोकांची भिस्त होती. काकांच्या हातून किती फोन बरे होतात, याचा हिशेब मी तेव्हापासून सोडला. बिघाड निघेपर्यंत हा माणूस उठून जात नाही, एवढं पुरे.

तुमच्या फोनची रेंज गेली, तर आधी विमान मोड लावून काढा, मग सिम पुसून बसवा, मग दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहा. अडकित्ता लांब ठेवा. आणि तरीही जमलं नाही, तर आमच्याकडे या. काकांना फोन मात्र करू नका, लागणार नाही. त्यांचं सिम साक्षीला कुठेतरी गेलेलं असतं. काकूसुद्धा गॅलरीत उभ्या राहून "अहो!" अशी हाक मारतात. ती मात्र चारही मजल्यांवर पोचते.