आठशे फूट बोअर आणि एक आगाऊ प्रश्न

१९९८ साली हॉलिवूडने लागोपाठ दोनदा पृथ्वीचा निकाल लावायला घेतला. मे महिन्यात ‘डीप इम्पॅक्ट’ आला. त्यात धूमकेतू होता, माणसं शहाण्यासारखी रडत होती आणि शास्त्रज्ञ मंडळींनीही त्याला त्यातल्या त्यात पास केलं. जुलैत मायकल बेचा ‘आर्मागेडन’ आला. त्यात विज्ञानाने पहिल्या अर्ध्या तासातच मान टाकली आणि त्या वर्षी जगभरात सर्वांत मोठा गल्ला त्याच चित्रपटाने जमवला. निर्मात्यांनी यातून घ्यायचा तो बोध घेतला.

ज्यांचा हा प्रलय बघायचा राहिला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. टेक्सासएवढा लघुग्रह पृथ्वीकडे निघालाय आणि नासाला ही खबर लागते अठरा दिवस आधी. टेक्सास आडवं मोजलं तर बाराशे किलोमीटरच्या आसपास भरतं. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात सर्वांत थोरला सेरेस, त्याचा व्यास साडेनऊशेच्या आत. तोसुद्धा पियाझ्झी नावाच्या इटालियन पाद्र्याने १८०१ सालीच हुडकून ठेवलाय. मग त्याच्याहून दांडगा धोंडा हबल दुर्बीण वर फिरत असताना कुणाच्याच नजरेला कसा पडला नाही? नासाचा अधिकारी राष्ट्राध्यक्षांना सांगतो की, मंजूर निधीत आभाळाचा तीनच टक्के भाग बघून होतो. अख्ख्या चित्रपटात आम्हाला बिनतक्रार पटलेलं हे एकमेव स्पष्टीकरण. निधीअभावी रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही, तर टेक्सास न दिसायला काय हरकत आहे?

यावर उपाय असा : लघुग्रहावर उतरायचं, आठशे फूट बोअर मारायचं, आत अणुबॉम्ब सोडायचा आणि धोंड्याचे दोन तुकडे करायचे. एक तुकडा पृथ्वीच्या डावीकडून जाईल, दुसरा उजवीकडून. आठशे फूट म्हणजे अडीचशे मीटरही नाही. बाराशे किलोमीटरच्या धोंड्याला एवढं भोक म्हणजे नुसता ओरखडा. मराठवाड्यात आठशे फूट बोअर मारून पाण्याचा टिपूस लागत नाही, इथे तेवढ्यात पृथ्वी वाचते. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये याचं गणित मांडलं. असा धोंडा वेळेत फोडायचा तर आजवर उडवलेल्या सर्वांत मोठ्या, म्हणजे सोव्हिएत ‘त्सार’ बॉम्बच्या अब्जपटीच्या घरात ताकद लागेल, असं उत्तर आलं. पोरांना सिनेमा बघायला पाठवलं की ती अशी बिघडतात.

बोअर मारायला कोण? तर समुद्रात तेलविहिरी खणणारा ब्रूस विलिस आणि त्याची टोळी. ही मंडळी बारा दिवसांत अंतराळवीर होतात. आपल्याकडे शिकाऊ लायसन्स हातात आल्यावर पक्क्या लायसन्ससाठी तीस दिवस थांबावं लागतं, तेही स्कूटरसाठी. 

निघण्याआधी टोळी आपल्या अटी घालते. विलिस खिशातून कागद काढतो आणि सरकारी अधिकाऱ्यांपुढे शांतपणे वाचू लागतो. एकाच्या पार्किंगच्या थकलेल्या पावत्या माफ व्हाव्यात. एकाच्या दोन मैत्रिणींना विनाचौकशी नागरिकत्व मिळावं. एकाला व्हाइट हाउसमधली लिंकनची खोली राहायला हवी. केनेडींना नेमकं कुणी मारलं तेही सांगता आलं तर सांगावं. आणि शेवटची अट सगळ्यांची मिळून : यापुढे आम्ही कर भरणार नाही, कधीच नाही. या क्षणी जगातला प्रत्येक पगारदार खुर्चीत ताठ होतो. मानवजात वाचवल्याचा मोबदला म्हणून कुणी अमरत्व मागितलं नाही, टीडीएसमधून सुटका मागितली. पटकथाकाराला खगोलशास्त्र येत नसेल, पण माणूस कळतो.

इथवरचा ऐवज थिएटरात मिळाला. खरा खजिना घरी आला, डीव्हीडीतून. १९९९ साली अमेरिकेतल्या क्रायटेरियन या प्रकाशनसंस्थेने ‘आर्मागेडन’चा दोन डिस्कचा संच काढला. क्रायटेरियन म्हणजे जागतिक सिनेमाचं देवघर. कुरोसावाचा ‘सेव्हन समुराई’ त्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर, बर्गमनचा ‘द सेव्हन्थ सील’ अकराव्या, आणि चाळिसाव्या क्रमांकावर ब्रूस विलिस, हातात ड्रिल घेऊन. संचासोबतचा गौरवलेख जनीन बेसिंगर या विदुषींचा. वेस्लियन विद्यापीठात त्याच बे यांच्या प्राध्यापिका होत्या, म्हणजे प्रगतिपुस्तकावर शेरा घरचाच. आपल्या सत्यजित रायांच्या अपू त्रयीला याच देवघरात जागा मिळायला २०१५ उजाडलं. तिच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या, त्यामुळे डागडुजीला वेळ लागला हे खरं. अस्सल प्रलयातून सावरायला एवढा वेळ लागतोच. खोटा प्रलय वर्षभरात मखरात बसतो.

या संचात चित्रपटावर बोलणाऱ्यांच्या आवाजाचे दोन ट्रॅक आहेत. एकावर तांत्रिक मंडळी, त्यांत नासाचे माजी अंतराळवीर जो ॲलन. हे गृहस्थ मुळात भौतिकशास्त्रज्ञ. नासाने त्यांना १९६७ मध्ये निवडलं आणि अवकाशात पाठवलं १९८२ मध्ये. पंधरा वर्षं. बारा दिवसांचा क्रॅश कोर्स तेव्हा निघालेला नसावा.

दुसऱ्या ट्रॅकवर दिग्दर्शक, निर्माता, विलिस आणि चित्रपटातला धाकटा नायक बेन ॲफ्लेक. हा पोरगा बोलायला बसला आणि चित्रपटाचं पितळ त्याने चित्रपटाच्याच डिस्कवर उघडं पाडलं. तो सांगतो, मी मायकलला विचारलं, बोअर मारणाऱ्यांना अंतराळवीर करण्यापेक्षा अंतराळवीरांना बोअर मारायला शिकवणं सोपं नाही का? दिग्दर्शकाने उत्तर दिलं, तोंड बंद ठेव. मूळ उत्तरात एक शिवीही आहे, पण ती छापायला आमचे संपादक तयार नाहीत. ॲफ्लेक तिथेही थांबत नाही. नासातल्या हुशार माणसांना जमिनीत भोक पाडायला शिकवता येत नाही, हे कथानक तो पुढे बराच वेळ हसत हसत सोलत बसतो.

चौदा कोटी डॉलर खर्चून केलेल्या कामात अकलेचा प्रश्न एकानेच विचारला, त्याला गप्प बसवलं, आणि पुढे तोच प्रश्न ‘विशेष आकर्षण’ म्हणून गिऱ्हाइकाला विकला. हे आपल्याला नवं नाही. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या बैठकीत असा एक आगाऊ माणूस असतो. त्याची बदली होते, इतिवृत्तात त्याचा प्रश्न येत नाही आणि उद्घाटनाला त्याला बोलावत नाहीत. हॉलिवूडने निदान त्याला माइक तरी दिला.

आपल्याकडे बहुतेकांनी हा प्रलय कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून आणलेल्या व्हीसीडीवर बघितला. अडीच तासांचा ऐवज एका चकतीत मावत नसे, त्यामुळे पृथ्वी धोक्यात असताना उठून चकती बदलावी लागे. लिव्ह टायलर पडद्यावर रडतेय आणि मागून तिचेच वडील, एरोस्मिथचे स्टीव्हन टायलर, गाणं म्हणताहेत, हेसुद्धा आपण ऐकलं. पण व्हीसीडीवर कॉमेंटरी नसे. प्रलय घरपोच आला, प्रश्न तिकडेच राहिला.

त्याचं फळ फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसलं. ‘२०२४ वायआर४’ नावाचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि संभाव्य पट्ट्यात मुंबईचंही नाव आलं. मग काय विचारता! व्हॉट्सॲपवर रातोरात सगळे खगोलशास्त्री. प्रत्यक्षात दुर्बिणींशी बसलेल्या माणसांनी त्याची कक्षा पुन:पुन्हा मोजली आणि काही दिवसांत ती शक्यता नगण्य झाली. बोअर कुणी मारलं नाही, कर कुणाचा माफ झाला नाही.

त्याआधी २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाने लघुग्रहाला खरोखर धडक देऊन बघितली होती. ‘डार्ट’ हे यान डिमॉर्फॉस नावाच्या जेमतेम दीडशे मीटरच्या दगडावर नेऊन आदळलं आणि त्याचा प्रदक्षिणेचा काळ ३२ मिनिटांनी घटला. यानात माणूस नव्हता, बॉम्ब नव्हता, मागे गाणं नव्हतं. चित्रपट म्हणून साफ पडला असता.

तेव्हा वाचकहो, क्रायटेरियनची ती डिस्क कुठे हाती लागली तर सोडू नका. एकदा आवाज मोठा करून चित्रपट बघा, कानठळ्या बसतील, पण पैसे वसूल होतील. मग कॉमेंटरी लावून पुन्हा बघा. दोन्हीला वेळ नसेल तर नुसती कॉमेंटरी ऐका. आणि पुढच्या वेळी तुमच्या बैठकीत कुणी असला आगाऊ प्रश्न विचारला, तर त्याला गप्प करण्याआधी उत्तर आहे का ते बघा.