किरकोळ धरून किती?

कुणी नवा ट्रॅक्टर आणला, लेकीला डोरलं केलं किंवा नुसता मोटरसायकलचा आरसा बदलला, तरी तात्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "किरकोळ धरून किती?" सांगणारा गडबडतो. ट्रॅक्टरला किरकोळ कसलं? मग तात्या बोटांवर मोजून दाखवतात. पेढे, नारळ, हार, आणायला गेलेल्या पोरांचं जेवण आणि वाटेत त्यांनी न विचारता घेतलेलं थंड. "ह्येच माणसाला खातंय. ट्रॅक्टर न्हाय खात."

असा माणूस गावागणिक एखादा तरी असतो. आमच्या पळसदेवात हायवेच्या अलीकडे एक आहे आणि पलीकडे एक, पण अलीकडचा जास्त मुरलेला.

या तात्यांच्या डोक्यात बरीच वर्षं एक गोष्ट घोळत होती. हॉलला पीओपीचं सिलिंग करायचं आणि त्यात ते चपटे, छताच्या आत बसणारे एलईडी लाईट लावायचे. लोणी देवकरच्या एका वास्तुशांतीत त्यांनी ते पहिल्यांदा पाहिले. बाकी पाव्हणे जेवणाच्या पंगतीकडे बघत होते आणि तात्या मान वर करून लाईट मोजत होते. घरी आल्या आल्या त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू घेतली आणि हिशेब मांडला. हॉल 12 बाय 16, म्हणजे 192 फूट. पीओपी फुटाला 90 रुपये, म्हणजे 17,280. लाईट 14, साडेतीनशेला एक, म्हणजे 4,900. वायरिंगचे पॉइंट 14, अडीचशे रुपयांनी 3,500. बेरीज 25,680. त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली 'किरकोळ 8,000'.

"आठ हजारांचं काय येतं?" मी विचारलं.

"ते आल्यावर कळतं."

पुढे हा कागद वाढत गेला. पीओपीवाल्यानं सांगितलं की कडेच्या पट्ट्या रनिंग फुटावर, वेगळ्या. सिलिंग पाच-सहा इंच खाली येणार, म्हणजे पंख्याला लांब रॉड. लांब रॉड लावल्यावर पंखा जुना दिसणार, म्हणजे नवा पंखा. पांढऱ्याशुभ्र सिलिंगखाली भिंतींचा रंग मळका दिसणार. कागदाच्या चारी बाजू भरल्या की तात्या नवी पत्रिका काढत. 2022 च्या जुलैत एलईडी लाईटवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला, तेव्हा तर त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ते कधी नव्हे इतके खुशीत होते.

पैसे येणार होते उसाच्या बिलातून. कायद्यानं ऊस गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, मिळायला हवी, हे तात्यांना तोंडपाठ आहे. ते वाक्य म्हणून झालं की ते हसतात. बिल आलं की आधी सोसायटीचं कर्ज कापलं जातं, मग खतवाला, मग ठिबकच्या नळ्या, आणि सिलिंग पुढच्या हंगामावर. तरी तात्यांच्या बायकोला, म्हणजे काकींना, वेगळाच संशय होता. त्यांचं म्हणणं असं की तात्यांचा पैसा उजनीसारखा आहे. धरणात पाणी मावतं 117 टीएमसी, पण त्यातलं 63 हून जास्त मृत साठा. वरचं संपलं की सगळे म्हणतात धरण मायनसमध्ये गेलं, आणि खाली अथांग पाणी. "ह्यांचंबी तसंच. मायनस मायनस म्हणत्यात आन् तळाला हाय मरणाचं."

इलेक्ट्रिशियन आला तो दिवस मला आठवतो. भिगवणचा पोरगा, कमरेला टेस्टर. त्यानं पॉइंटचा भाव सांगितला आणि वर म्हणाला, "होल मारायचे वेगळे, नगाला तीस."

"भोकाचे?" तात्या खुर्चीतून पुढे सरकले. "भोक म्हंजी काय असतंय लेका?"

"सिलिंग कापायचं गोल."

"म्हंजी तिथलं पीओपी तू काढून टाकणार. म्हंजी तेवढं पीओपी मला कमी. आधी मी पीओपीवाल्याला त्या जागेचे फुटावर पैसे देणार, मग तुला ती जागा न्हाईशी करायचे देणार. न्हाई त्या वस्तूचे दोनदा पैसे?"

पोरगा बराच वेळ गप्प राहिला. शेवटी भोकं पीओपीवाल्यानं पाडायची असं ठरलं, कारण तो त्या वेळी हजर नव्हता.

लाईटच्या खरेदीसाठी भिगवण झालं, इंदापूर झालं, बारामती झाली. बारामतीच्या दुकानदारानं एक बटण दाबलं की पांढरा, पुन्हा दाबलं की पिवळा, पुन्हा दाबलं की मधला उजेड देणारा लाईट दाखवला. तात्यांनी लगेच किमतीला तिनानं भागलं आणि म्हणाले, "स्वस्त हाय." काकींनी तो हाणून पाडला. पिवळा उजेड त्यांना घरात नको होता. "कंदिलाखाली जन्म गेला आमचा. आता पैसे देऊन कंदील कशाला?" अखेर नगामागं वीस रुपये वाचवायला तात्या पुण्याला बुधवार पेठेत जाऊन आले. एस्टीचं तिकीट आणि दुपारची थाळी त्यांनी लाईटच्या खर्चात धरली नाही. जवळच दगडूशेठ गणपतीचं दर्शन झालं होतं, म्हणून तो खर्च 'देवधर्म' या खात्यावर गेला.

ही लिहून ठेवायची सवय मात्र नुसत्या कंजूषपणातून आलेली नाही. तात्या लहान असताना उजनीचं पाणी चढलं आणि जुनं पळसदेव धरणाखाली गेलं. घराचे खण, दारं, वासे मोजायला माणसं आली होती. तात्यांच्या वडिलांकडे आपल्याच घराचं मोजमाप लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे समोरच्यानं जे लिहिलं तेच खरं ठरलं. त्या वाड्याला तुळया किती होत्या यावर त्यांच्या घरात अजून वाद होतो. 2024 च्या उन्हाळ्यात पाणी खूप आटलं आणि पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडलं. आम्ही बघायला गेलो, तर तात्या दगडांवर हात फिरवत म्हणाले, "चाळीस वर्षांच्या वर पाण्यात हाय. आन् आमच्या पीओपीला स्लॅबचा एक थेंब सोसायचा न्हाई." परतताना त्यांनी स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगची रक्कम यादीत घातली.

दुसरी भीती चिलटांची. बॅकवॉटरच्या काठावर दिवेलागणीला दारं उघडी ठेवा, उजेडाभोवती धूर वाटावा इतकी चिलटं जमतात. ती त्या चपट्या लाईटच्या काचेत शिरतात आणि तिथंच मरतात, ही माहिती तात्यांनी चार घरी स्टुलावर चढून मिळवली.

हे असंच चाललं असतं, पण थोरल्याची सोयरीक आली. मुलीकडची मंडळी घर बघायला येणार म्हटल्यावर चाकणच्या कंपनीत असलेल्या त्या पोरानं बापाला न विचारता पीओपीवाल्याला फोन लावला. आठ दिवसांत सिलिंग उभं. तात्या रोज चहाचा कप घेऊन पाडलेल्या एकेका भोकाखाली उभे राहायचे आणि टेप लावून अंतर बघायचे. काम संपलं त्या दिवशी हिशेब झाला. किरकोळीतले 1,140 रुपये उरले होते. तात्यांचा चेहरा उतरला. काहीतरी लिहायचं राहिलंय म्हणून ते रात्री उशिरापर्यंत यादी चाळत बसले.

सोयरीक जमली. मग एका संध्याकाळी मी सहज गेलो. हॉलमध्ये चौदांपैकी दोनच लाईट चालू, तेही कोपऱ्यातले.

"बाकीचे बिघडले का?"

"बिघडायला काय झालंय? चौदा लाईट, बारा वॅटचे, म्हंजी 168 वॅट. रोज चार तास लावले तर महिन्याला 20 युनिट. आधी दोन ट्यूबा चोक धरून शंभर वॅट, म्हंजी 12 युनिट. आठ युनिट कुणी भरायचे? पाव्हणे आले की लावतो. तुम्ही घरचेच."

काकी चहा घेऊन आल्या आणि कोपरानं बटणांची अख्खी रांग दाबली. चौदाच्या चौदा लाईट लागले. तात्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा काकींकडे.

"चहा पिऊस्तवर राहू दे," ते म्हणाले, आणि माझ्या कपात किती उरलाय ते जरा वाकून पाहिलं.