काम चालू आहे

नागपूर मेट्रोचं काम आणि माझ्या स्वतःच्या वेबसाइटचं काम एकाच वर्षी सुरू झालं, २०१५ साली. दोन्हीकडे पाट्या लागल्या. त्यांची वर्धा रोडवर, माझी पहिल्याच पानावर: ‘काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ २०१९ च्या मार्चमध्ये पहिली मेट्रो धावली. २०२२ च्या डिसेंबरात पहिला टप्पा पुरा झाला, लोक ऑटोमोटिव्ह चौकात बसून खापरीला उतरू लागले. माझी पाटी जिथे होती तिथेच आहे. आणि इतक्या वर्षांत गैरसोय एकाचीही झाली नाही, हे जास्त झोंबतं.

मी वेबसाइट करतो आणि करायला शिकवतो. सकाळी गिऱ्हाईक, संध्याकाळी विद्यार्थी. मंगल कार्यालयाची वेबसाइट आठ दिवसांत देतो. दातांच्या दवाखान्याची पंधरा दिवसांत, कारण डॉक्टरांना फोटो द्यायला वेळ नसतो. स्वतःची मात्र होत नाही. आमच्या धंद्यात हिला पोर्टफोलिओ म्हणतात. आपण कोण, आजवर काय केलं आणि आपल्याला काम का द्यावं, हे तिथे आपणच आपल्या तोंडाने सांगायचं. म्हणजे लग्नाचा बायोडाटाच, फक्त रास आणि मामाचं गाव वगळून.

घोडं अडलं ते ‘माझ्याविषयी’ या पानावर. आधी ‘मी’ने सुरुवात करून पाहिली. चार ओळींत अकरा ‘मी’ झाले. मग नम्रपणे तृतीयपुरुषी लिहिलं: ‘नागपूरच्या वेब क्षेत्रातील एक परिचित नाव. अनेक विद्यार्थ्यांना त्यांनी घडवले.’ बायकोला वाचायला दिलं. ती म्हणाली, “अहो, छान आहे, पण तेरवी कधी ते लिहायचं राहिलं.”

तोवर तिथे खोटा मजकूर टाकून ठेवावा, अशी आमच्यात रीत आहे. तो लॅटिनसारखा दिसणारा ‘लोरेम इप्सम’ तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. तो सिसरोच्या इ.स.पू. ४५ मधल्या ग्रंथातून तोडून घेतलेला आहे. तोही असा की ‘डोलोरेम’ या शब्दाचा ‘डो’ मागेच राहिला. डोलोरेम म्हणजे वेदना. इतवारीतल्या एका भांडीवाल्यांना नमुना दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, “हे कोण्या भाषेत आहे जी? आपल्या धंद्याविषयी चांगलंच लिहिलं ना?” मी म्हटलं, वेदनेविषयी आहे. ते म्हणाले, “राहू द्या मंग. खरंच आहे.”

मला मात्र ते खटकलं. मराठी वेबसाइटला मराठी खोटा मजकूर हवा, म्हणून मी स्वतः एक परिच्छेद लिहिला. सकाळी लिहिला, भुकेल्या पोटी. त्यामुळे त्यात तर्री पोहे आले, वर चणे, बारीक कांदा, ‘तर्री जास्त, शेव कमी’ अशी सूचनाही आली. पुढे हा परिच्छेद मी सगळीकडे वापरू लागलो. भांडीवाल्यांची वेबसाइट सुरू झाली तेव्हा ‘आमचे ध्येय’ या मथळ्याखाली तोच राहून गेला. तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही. मग भांडीवाल्यांचा फोन आला. तक्रार नव्हती. सकाळपासून दोघांनी पोह्यांची चौकशी केली होती, आणि त्यांचं म्हणणं होतं की भांडी तर घरचीच आहेत, विचार करायला हरकत नाही.

कौशल्यांच्या पट्ट्या हा दुसरा घोळ. एचटीएमएल ९५ टक्के, सीएसएस ९० टक्के, अशा रंगीत पट्ट्या हल्ली प्रत्येक पोर्टफोलिओवर असतात. मीही काढल्या आणि वर्गाला दाखवल्या. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, उरलेलं पाच टक्के एचटीएमएल कोणाले येते?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जावास्क्रिप्टपुढे मी प्रामाणिकपणे ७० लिहिलं होतं. पण ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात ही भाषा दहा दिवसांत उभी केली, हे वर्गाला मीच सांगितलेलं. पोरांनी लगेच हिशोब मांडला: सर चौदा वर्षं शिकवून राहिले, म्हणजे सात दिवसांचं आलं, तीन दिवसांचं बाकी आहे. पट्ट्या काढून टाकल्या.

मग अक्षरांकडे वळलो. इथे माझा जीव रमतो, त्यामुळे इथे वेळही फार गेला. इंग्रजी डिझाइनची पुस्तकं सांगतात, अक्षरांमध्ये जरा हवा खेळू द्या, मथळा उठून दिसतो. मराठीत हवा सोडली की शिरोरेषा तुटते आणि शब्द वाळत घातलेल्या कपड्यांसारखा सुटा सुटा लोंबतो. पुस्तकं सांगतात, ओळी जवळ घ्या. घेतल्या. तर ‘नागपूर’मधला ऊकार खालच्या ओळीतल्या ‘विद्यार्थी’च्या रफारावर जाऊन बसला, सिटी बसमध्ये अर्ध्या सीटवर टेकावं तसा. आपल्या लिपीला वर मात्रांचा माळा आहे आणि खाली उकारांचं तळघर. इंग्रजीच्या बैठ्या घराचा नकाशा तिला कसा चालायचा? सुलेखनकार र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट विंडोज २००० सोबत आला, त्याआधी प्रत्येकाची मराठी वेगळी असायची. आपल्या संगणकावर सुवाच्य दिसणारी लग्नपत्रिका दुसऱ्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा व्हायची. तो चिवडा मला अजूनही मिळतो. सीताबर्डीवरून डीटीपी करून आणलेला मजकूर गिऱ्हाईक पेनड्राइव्हमध्ये देतात आणि वर म्हणतात, “सर, आमच्याकडे तर बरोबर दिसून राहिलं.”

फोटोचं थोडक्यात सांगतो. सगळे डेव्हलपर हाताची घडी घालून हसतात, मीही फुटाळा तलावावर संध्याकाळी तसाच उभा राहिलो. भाच्याने फोटो छान काढला, पण त्यात माझ्यापेक्षा मागचा भुट्टेवाला ठसठशीत आला. फोटोचा आकार आठ एमबी. एवढा फोटो विद्यार्थ्याने टाकला असता तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

जुन्या ब्राउझरांनीही काही कमी छळलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे असतात आणि लोक ओरडतात: रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत! मी दरवर्षी त्या गर्दीत उभा राहून मनातल्या मनात एकच मागणं मागायचो: इंटरनेट एक्सप्लोररला घेऊन जा. १५ जून २०२२ ला तो अधिकृतपणे निवृत्त झाला. मारबत उशिरा ऐकते, पण ऐकते.

गैरसमज नको, सोपी वेबसाइट काय असते ते मला ठाऊक आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगातली पहिली वेबसाइट केली, ती आजही उघडून पाहता येते. फोटो नाही, रंगीत पट्ट्या नाहीत, हाताची घडी नाही. नुसता मजकूर आणि दुवे. मोबाइल हातात यायच्या कितीतरी आधीचं ते पान मोबाइलवर धड दिसतं. माझी नुसती पाटीही धड दिसत नव्हती.

कारण माझी पाटी मधोमध नव्हती. चार पिक्सेल डावीकडे होती. इतरांना कळणार नाही, पण ज्याला एकदा दिसलं त्याला दुसरं काही दिसत नाही. आणि मी तर नागपूरचा. इथे इंग्रज सर्वेक्षणवाल्यांनी शून्य मैलाचा खांब उभारला, चार घोडे त्याच्या भोवती. देशाचा मध्य तो हाच असं आम्ही शाळेपासून ऐकत आलो. पुढे फाळणी झाली, देशाचा मध्य सरकला, असंही लोक म्हणतात. खांब हलला नाही. सीएसएसमध्ये याला पोझिशन फिक्स्ड म्हणतात, आणि हे उदाहरण मी वर्गात दरवर्षी देतो. ज्या गावाने अख्ख्या देशाचा मध्य सांभाळला, त्या गावच्या मास्तराला एक चौकोन मधात आणता येऊ नये?

यंदाच्या बॅचला कोंढाळीहून रोज एसटीने येणारी एक मुलगी आहे. कुठलीही वेबसाइट उघडली की ती आधी आतला कोड पाहते. ही सवय मीच लावली. परवा तिने प्रोजेक्टरवर माझी पाटी उघडली आणि मी “अगं, ती नको” म्हणेपर्यंत आतली शैलीची फाइल भिंतीवर चार फूट उंचीची झाली. मधोमध एक टिपण होतं. तिने ते मोठ्याने वाचलं: “हे का चालते माहीत नाही. हात लावू नये. जून २०१९.”

वर्ग शांत. वर कूलरचा तेवढा आवाज.

“सर, हे कोणी लिहिलं जी?”

“आधीच्या डेव्हलपरने,” मी म्हटलं.

“आधीचे बी तुम्हीच होते ना?”

मी पाणी प्यायलो. ती म्हणाली, “हात लावू का?” आणि उत्तराची वाट न पाहता तिने त्या टिपणाखालच्या एका ओळीसमोरची खूण काढली. आठ पिक्सेलचा डावीकडचा ऋण समास, दुसऱ्याच एका पाटीसाठी कधीकाळी टाकलेला. पाटी हलली. इतकी थोडी, की पुढच्या बाकावरच्यांना वाटलं प्रोजेक्टर हलला.

“आता आली पाहा मधात,” ती म्हणाली. “सर, बाकी पानं तर होऊनच आहेत. मंग पाटी काढून टाकू का?”

“थांब,” मी म्हटलं, “काहून घाई करतेस? आधी मोबाइलवर पाहू.”

पंधरा जणांनी पंधरा मोबाइल काढले. सगळ्यांवर ‘काम चालू आहे’ अगदी मधोमध आलं होतं. इतकं नेटकं दिसत होतं की मी तिला म्हटलं, असू दे आणखी थोडे दिवस.