अथातो दंशजिज्ञासा

धानाच्या रोवणीपासून कापणीपर्यंत भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही ओसरीवर सकाळच्या चहाबरोबर एक विधान हमखास येते : "कायतरी चाबलं वाटते." तक्रारदार समोर बसलेला असतो, घटनास्थळ बाही वर सरकवून दाखवले जाते, आरोपी मात्र रात्रीच फरार झालेला. पवनीच्या स्तूपांवर विद्वानांनी लिहिले, गोसीखुर्दच्या धरणावर अहवाल झाले, भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचीही दखल घेतली गेली; दंडावरची ही वाटाण्याएवढी गांधी तेवढी शास्त्रकारांच्या नजरेतून सुटली. ही उणीव भरून काढणे हा प्रस्तुत प्रबंधाचा हेतू आहे.

१. देशकालविचार

जिल्ह्यात तालुके सात, नदी वैनगंगा, आणि मालगुजारी तलाव व बोड्या गावोगावी. जिथे पाणी तिथे धान, जिथे धान तिथे माणूस, आणि जिथे माणूस तिथे त्याला चावणारे, ही साखळी अबाधित आहे. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा निघाला; डासांनी ती सीमा मान्य केल्याचे आढळत नाही. बांधीतल्या चिखलात उभे राहून परे रोवणाऱ्या बाईच्या पोटरीला जळू लागते, पण जळू कीटक नव्हे आणि ती पकडलीही जाते. सबब तिला या प्रबंधातून वगळले आहे.

२. पूर्वपक्ष

कर्ता कोण, याविषयी ओसरीवर चार संप्रदाय आहेत. बहुसंख्य मच्छरवादी, त्यांच्या मते विश्वातली सर्व खाज मच्छरापासून उत्पन्न होते. "कायचं मच्छर काकाजी, ढेकूण असन," हा ढेकूणवाद्यांचा प्रतिवाद; तो शक्यतो दुसऱ्याच्या घरच्या खाटेबाबत मांडला जातो. तिसरे उष्णतावादी. हे बाहेरचा आरोपीच मानत नाहीत; काल खाल्लेल्या वांग्यावर ठपका ठेवतात. चौथे कोळीवादी : अंगावरून कोळी फिरला, विषय संपला. या सर्वांच्या वर आजीचे आसन असते. तिचे मत एकच, "काई नाई होत, खाजवू नोको," आणि पुढे दिसेल की चारही संप्रदायांपेक्षा ते सत्याच्या जवळ आहे.

३. प्रमाणविचार

न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने सांगितली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्दप्रमाण म्हणजे आजी. उपमान म्हणजे शेजारच्या पोराला अशीच गांधी आली होती, ही साक्ष. प्रत्यक्ष जवळजवळ नेहमीच निरुपयोगी, कारण चावण्याच्या वेळी साक्षीदार झोपलेला असतो. अपवाद दोन. गोचीड जागेवरच चिकटून राहते, आणि मधमाशी आपला काटेरी डंख कातडीत सोडून जाते. गांधीलमाशी पुरावा मागे ठेवत नाही, म्हणून तीच नांगी पुन्हा वापरू शकते.

उरले अनुमान. डोंगरावर धूर, म्हणून अग्नी. तद्वत दंडावर गांधी, म्हणून मच्छर. इथेच तर्क घसरतो. गांधी मच्छर करीतच नाही, ती आपले शरीर करते. रक्त गोठू नये म्हणून मादी डास सोंड खुपसताना लाळ सोडते (नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो). त्या लाळेला उत्तर म्हणून कातडीतल्या पेशी हिस्टामिन सोडतात, आणि त्यातून सूज व खाज येते. ढेकणाच्या लाळेला, पिसवेच्या लाळेलाही साधारण असेच उत्तर मिळते. धूर सगळीकडे सारखा आणि अग्नी निरनिराळे; अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. एकाच मच्छरदाणीत झोपलेल्या दोघांपैकी एकाचे अंग गांध्यांनी भरते आणि दुसरा स्वच्छ उठतो, याचे स्पष्टीकरण 'गोड रक्त' असे दिले जाते. रक्ताच्या गोडीचा इथे संबंध नाही. डास श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांच्या मागावर येतो. शिवाय दोघांना सारखेच चावले तरी दोघांची कातडी सारखी रागावत नाही.

जागेवरून थोडा अंदाज बांधता येतो. उघड्या अंगावर विखुरलेल्या गांध्या बहुधा डासाच्या. एका रांगेत दोन-तीन असतील तर ढेकणावर संशय. घोट्याभोवती झुबका असेल तर पिसू. याहून जास्त नेमके कोणी सांगू लागला तर त्याला चहा द्यावा आणि विषय बदलावा.

४. न चावता बदनाम

कोळीवाद्यांच्या मताची इथे फेरतपासणी करणे आवश्यक आहे. सकाळी मानेवर भाजल्यासारखा लांब लाल पट्टा दिसतो, आग होते, पुढे त्यावर फोड येतात. कोळी बहुधा निर्दोष असतो. पीडेरस नावाचा मुंगळ्यासारखा, नारिंगी-काळा बारीक किडा रात्री दिव्याकडे येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. झोपेत आपण त्याला अंगावर चिरडतो, त्याच्या शरीरातले पीडेरिन कातडीला लागते, आणि एखाद-दोन दिवसांत पट्टा उमटतो. धानाच्या बांधीत हाच किडा तुडतुडे खाऊन शेतकऱ्याची चाकरी करतो. म्हणून तो अंगावर दिसताच मारू नये, फुंकर घालून उडवावा. चुकून चिरडलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवावी आणि तोच हात डोळ्याला लावू नये.

५. चिकित्साविचार

प्रचलित औषधे : चुना, कांदा, हळद, टूथपेस्ट, बाम आणि लोखंडी किल्ली चोळणे. आश्चर्य असे की सगळी लागू पडतात. डासाची साधी गांधी थोड्या वेळाने किंवा दोन-चार दिवसांत आपोआप बसते. त्या अवधीत जे लावले त्याला यश मिळते. किल्लीने बरे वाटते ते तिच्या गारव्यामुळे, आणि त्या कामाला ओले फडके अधिक चांगले. चुना मात्र दाहक आहे. खाजेच्या जागी भाजणे हा उपचार म्हणता येत नाही. साबण-पाणी, गार पट्टी, कॅलामाइन आणि कापलेली नखे एवढे पुरते. खाज झोपू देत नसेल तर डॉक्टरांना विचारून सेटिरिझिन. मधमाशीचा डंख ताबडतोब काढावा. गोचीड उदबत्तीने जाळू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी.

६. उत्तरपक्ष

एव्हाना वाचकाच्या ध्यानात आले असेल की कर्त्याचे नाव कळून उपचारात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो सोबतच्या लक्षणांनी, आणि या प्रकरणात विनोदाला मज्जाव आहे.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि पूर्व विदर्भात स्क्रब टायफसने माणसे दगावली. तो पसरवणारा, गवत-झुडपांतला चिगर हा प्रौढपणी आठ पायांचा, म्हणून शास्त्रतः कीटक नव्हे. पण चावते ती त्याची सहा पायांची अळी. चावा दुखत नाही. पुढे काखेत, जांघेत किंवा कमरेशी सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली दिसते, कधी दिसतही नाही, आणि ताप चढतो. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर रोग आटोक्यात येतो. म्हणून ताप असेल तर शेतात, गवतात गेलो होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.

जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार चावली तर दातांची खूण जेमतेम उमटते. मुंगी चावली समजून माणूस कूस बदलतो. पहाटे पोट दुखणे, पापण्या जड होणे, जीभ अडखळणे दिसले तर किल्ली चोळत बसू नये, रुग्णालय गाठावे. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर ओठ सुजले, अंगभर पित्त उठले किंवा श्वास लागला तर १०८ ला फोन करावा.

हत्तीरोगाचा चावा तर कोणाच्या लक्षातही राहत नाही. क्युलेक्स डास वर्षानुवर्षे चावत राहतो आणि पाय कित्येक वर्षांनी सुजतो. या रोगाचे सूक्ष्म जंतू रक्तात रात्री वर येतात, म्हणून तपासणीचे पथकही रात्रीच दार वाजवते. त्याला चोर समजू नये. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आलेल्या ताईंसमोरच गोळी गिळावी. 'जेवण झाल्यावर घेतो' म्हणून कोनाड्यात ठेवलेली गोळी पोटात पोहोचल्याचा दाखला दुर्मीळ आहे.

७. सिद्धांत

"काय चाबलं?" हा प्रश्न करमणुकीचा; "आनखी काय होते?" हा कामाचा. दुसऱ्याचे उत्तर 'काही नाही' असेल तर आजीचे मत प्रमाण. ताप, काळी खपली, जड पापणी किंवा लागलेली धाप यांपैकी एकही असेल तर आजीसकट सर्व संप्रदाय रद्द. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मच्छर आणि मण्यार दोघांनाही बाहेर ठेवते, आणि तिला कोणत्याही संप्रदायाची दीक्षा लागत नाही. फरार कर्त्याचा शोध पुढील संशोधकांवर सोपवला आहे. क्षेत्रकार्यास येताना त्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून यावे.