मॉलच्या जिवावर बस

कॅलिफोर्नियात सनीव्हेल नाहीतर क्युपर्टिनोला मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या आजोबांना पहिल्याच आठवड्यात एक शोध लागतो. इथे बस आहे! दहा वर्षं तिथेच राहणाऱ्या मुलाला ही बातमी नवीन असते. "बाबा, बस कशाला? मी सोडतो ना," असं म्हणून तो गाडीची किल्ली शोधू लागतो. बसचे पैसे मात्र तो न चुकता भरत असतो. टीव्ही, सोफा, नवी टेस्ला, काहीही घेतलं की विक्रीकरातला थोडा वाटा बसला जातो. चिरंजीव गाडी जितकी महाग घेतील, तितकी तीर्थरूपांची बस सुखरूप.

सांता क्लारा काउंटीची ही बस व्हीटीए नावाची संस्था चालवते. १९७२मध्ये मतदारांनी परिवहन जिल्हा मंजूर केला आणि १९७६मध्ये त्यासाठी डॉलरमागे अर्धा सेंट कर. मग चटक लागली. २०००मध्ये आणखी अर्धा सेंट, २००८मध्ये एक अष्टमांश (इतकं बारीक माप आपल्याकडे फक्त सराफ वापरतात), २०१६मध्ये पुन्हा अर्धा. राज्याचा पाव सेंट वेगळाच. शेवटच्या खेपेला दोन तृतीयांश मतं हवी होती, मिळाली सुमारे ७२ टक्के. बसमध्ये पाऊल न टाकता बसवर इतकं प्रेम करणारी जनता दुसरीकडे क्वचितच सापडेल.

तिकीट अडीच डॉलर. पण तिकिटांतून खर्चाचा दहावा हिस्साही निघत नाही, त्यामुळे बसमधला प्रवासी हा संस्थेचा किरकोळ गिऱ्हाईक. खरं गिऱ्हाईक मॉलमध्ये. मंदी आली की मॉल ओस पडतात, कर आटतो आणि फेऱ्या कमी होतात. नेमकी तेव्हाच नोकरी गेलेल्यांना गाडी परवडेनाशी होऊन बस आठवते. प्रवासी वाढल्यावर बस कमी करणारी ही योजना ज्याने आखली, त्याला अर्थशास्त्र नक्कीच चांगलं येत असणार.

२०१६च्या कराचं वाटप तर मुळातून वाचावं. तीस वर्षांत अंदाजे ६३० कोटी डॉलर. त्यातले दीडशे कोटी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या बार्ट रेल्वेला, १२० कोटी शहरांच्या रस्त्यांना, ७५ कोटी महामार्गांच्या जोडरस्त्यांना, तेवढेच काउंटीच्या द्रुतगती मार्गांना. बस आणि तत्सम सेवा चालवायला ५० कोटी. संस्था परिवहनाची आहे, तेव्हा परिवहनालाही काहीतरी द्यावं लागतं.

कारभार पाहायला मतदानाचा हक्क असलेले बारा संचालक. सगळे कुठल्या ना कुठल्या नगरपरिषदेचे किंवा काउंटीचे निवडून आलेले, म्हणजे आधीच कामात बुडालेले. काउंटीच्या दिवाणी ग्रँड ज्युरीने, म्हणजे नागरिकांच्या चौकशी मंडळाने, २००४, २००९ आणि २०१९ अशी तीनदा या कारभारावर टीका केली. मंडळाची रचना आहे तशीच आहे. २०२५च्या मार्चमध्ये कर्मचारी संपावर गेले आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ बस बंद राहिली. कर भरणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ते लक्षात आलं असेल, देव जाणे. बसने कामावर जाणाऱ्यांच्या लक्षात आलं.

आता सगळ्यांचा जीव सान होजेच्या पोटातून जाणाऱ्या बार्टच्या बोगद्यात अडकला आहे. पूर्ण वाढीव मार्ग सुमारे साडेनऊ किलोमीटर, चार स्थानकं, २०२४च्या अंदाजाने १,२७० कोटी डॉलर. त्यातल्या शेवटच्या दोन स्थानकांच्या, डिरिडॉन आणि सांता क्लाराच्या, दरम्यान कॅल्ट्रेन ही दुसरी रेल्वे आजही धावते. पण जमिनीवरून. जमिनीवरून काय, कोणीही जाईल!

बार्टच्या या गाडीसाठी २०००मध्ये कबूल केलेला अर्धा सेंट २००६पासून वसूल होतो आहे. त्याची तीस वर्षांची मुदत मार्च २०३६मध्ये संपते. गाडी धावणार, असं म्हणतात, २०३७च्या सुमारास. कर आधी पोचणार आणि गाडी मागून येणार. तेव्हा मध्ये कधीतरी मतदारांपुढे मुदतवाढीची पत्रकं येतीलच, आणि त्यांवर चित्र बहुधा बसचंच असेल. बोगद्याचा फोटो तसाही अंधारा येतो.