पद्मिनीला टाके

आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ही गोष्ट बाबा सोडून घरात सगळ्यांना मान्य आहे. बाबांच्या मते दोष डाळीचा असतो. मग कुकरचा, आणि अगदीच अडलं तर डाळ लावणारीचा. गाडी तिथवर आली की आई "मंग तुमीच शिजवा" म्हणते आणि चर्चा संपते. आमचं दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट, आणि प्यायचं गोडं पाणी येतं ते वर सातपुड्याच्या पायथ्याशी बांधलेल्या शहानूर धरणातून. पण विहीर आजोबांनी खोदलेली. तिच्या पाण्याला नाव ठेवणं म्हणजे स्वर्गात बसलेल्या आजोबांना नाव ठेवणं.

हेच पाणी बाबा वर्षानुवर्षं पद्मिनीच्या रेडिएटरमध्ये ओतत आले.

पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट 1100, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी; 1974 च्या सुमारास तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं, तरी दर्यापुरात ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला चिकटलेला गिअर, आणि बसल्यावर माणूस आपोआप सरपंच वाटेल अशी पुढची सीट. बाबांनी ती एका कापूस व्यापाऱ्याकडून जुनीच घेतली होती. व्यापारी ती विकताना रडला, असं बाबा सांगतात. आनंदाश्रू असावेत, असं आईचं मत.

मे महिन्यात मूर्तिजापूरकडचं एक लग्न आटोपून भर दुपारी परतताना राणीसाहेबांनी जोहार केला. बोनेटच्या फटींतून वाफ निघाली. बाबांनी गाडी एका निंबाखाली घेतली, फडक्याने झाकण धरून उघडलं, वाफेचा जोर ओसरू दिला आणि लगेच डिकीतला कॅन आणून विहिरीचं गार पाणी आत ओतलं. आतून एक आवाज आला: टण्ण. फार मोठा नाही. मागच्या सीटवर आई म्हणाली, "काई तरी फुटलं." बाबा म्हणाले, "थंडं होऊन रायलं."

थोड्याच वेळात निंबाखाली सभा भरली. आपल्याकडे रस्त्यात माणूस पडला तर लोक जरा विचार करतात, पण बोनेट उघडं दिसलं की दुचाकी आपोआप थांबते. एकाने फॅनबेल्ट सांगितला, दुसऱ्याने थर्मोस्टॅट. तिसऱ्याने गाडी विकायला सांगितली आणि गिऱ्हाईकही सुचवलं, ते म्हणजे तो स्वतः. एक ट्रकवाला मात्र अनुभवी निघाला. इंजिनाच्या कुशीतून पाणी पाझरतंय हे त्याने बोटाने दाखवलं आणि केबिनमधून हळदीची पुडी आणली. "टाका रेडिएटरमंदी. चिप्पक बंद होते." हा उपाय थट्टेचा नाही. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरत जाऊन बारीक भोकात बसते आणि ट्रक पुढच्या गावापर्यंत तरी पोचतो. आमची पद्मिनीही पोचली, पिवळी धार सोडत. घराच्या फाटकात उभी राहिली तेव्हा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "कोनाची हळद व्हय जी?"

मिस्त्री संध्याकाळी आले. त्यांनी आधी ऑइलची कांडी ओढून पाहिली. इंजिनातलं पाणी ऑइलमध्ये शिरलं की ते दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं. आमचं ऑइल काळंच होतं. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. मग इंजिनाच्या ब्लॉकची बाजू घासून त्यांनी रॉकेल चोपडलं, कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड फासली. आम्ही सगळे टॉर्च धरून उभे. हळूहळू त्या पांढऱ्यात एक ओली, वाकडी रेघ उमटली. चिरेत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

"ब्लॉक तडकला जी," मिस्त्री म्हणाले. मग पाण्याची नळी सोडवून त्यात बोट घातलं आणि पांढऱ्या खपल्या बाहेर काढून बाबांच्या तळहातावर ठेवल्या. "पानी कोनतं टाकता?"

बाबांनी खपल्या निरखून पाहिल्या. "हळद असन," म्हणाले.

खारं, जड पाणी तापलं की त्यातले क्षार वाहिन्यांच्या भिंतींवर बसतात. त्या थरातून उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, मग लोखंड एखाद्याच जागी भलतंच तापतं. ब्लॉक बिडाचा. बिडात कर्बाचं प्रमाण जास्त, त्याचे पापुद्रे लोखंडात विखुरलेले. दाब किती का येईना, ते सोसतं, पण ताण आला की लवत नाही, तडकतं. त्या तापल्या जागी गार पाणी पडलं की तेवढाच भाग आकसायला बघतो आणि शेजारचा भाग त्याला आकसू देत नाही. थंड देशांत ब्लॉक फुटतात ते पाणी गोठून नऊ टक्के फुगतं म्हणून. मे महिन्यातल्या दर्यापुरात तो धोका नाही, एवढंच काय ते समाधान.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे शकुंतला काढली. आमच्या बनोसा स्टेशनावरून पूर्वी जायची ती छोटी गाडी. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलं, 1923 पासून 1994 च्या एप्रिलपर्यंत चाललं. "सत्तर वर्षं याच मुलखातलं पानी पेली ते," बाबा म्हणाले. "तिचा फुटला का ब्लॉक?"

शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांनी भिंतीपलीकडून खुलासा केला, की वाफेच्या इंजिनाला असला ब्लॉकच नसतो, बॉयलर असतो. आणि तो ठरलेल्या मुदतीने रिकामा करून आतून धुवावा लागतो, नाहीतर क्षार त्याचीही वाट लावतात. "तुमी गाडी आतून धुतली का कंदी?" बाबा त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

आता इलाज. नवा ब्लॉक मिळणं कठीण, भंगारातल्या ब्लॉकचा भरवसा नाही. वेल्डिंग करायचं तर निकेलचा रॉड हवा, ब्लॉक आधी तापवायचा आणि नंतर राखेत पुरून सावकाश निववायचा, नाहीतर शेजारी दुसरी चीर. बीड सांधता येतं, याचा एक गमतीचा दाखला आहे. 1917 साली अमेरिकेच्या बंदरांत अडकून पडलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी जहाजं शत्रूच्या कामी येऊ नयेत म्हणून इंजिनांचे बिडाचे सिलिंडर फोडून ठेवले. अमेरिकनांनी विजेच्या वेल्डिंगने ते सांधले, आणि त्याच जहाजांतून आपले सैनिक जर्मनीशी लढायला धाडले. बाबांना ही गोष्ट फार आवडली. पण अकोल्याच्या कारागिराने वेल्डिंगला साफ नकार दिला. तो म्हणाला, शिवून देतो.

लोखंड शिवतात हे आईला पटेना, म्हणून ती ब्लॉकबरोबर छोटा हत्ती टेम्पोत बसून अकोल्याला आली. कारागिराने चिरेच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली, म्हणजे चीर पुढे पळणार नाही. मग चिरेवर एक भोक पाडून आटे काढले, त्यात खिळा पिळला, डोकं कापलं. पुढचं भोक असं, की ते आधीच्या खिळ्याला थोडं खाईल. असं करत अख्खी चीर खिळ्यांची झाली. मग चिरेला आडव्या खाचा, आणि त्यांत हातोडीने ठोकून बसवलेल्या पट्ट्या. कुठे जाळ नाही, ठिणगी नाही. टेक्सासच्या तेलाच्या विहिरींवर, जिथे ठिणगी म्हणजे मरण, तिथे 1930 च्या दशकात ही विद्या निघाली. आई शेवटपर्यंत उभी राहून पाहत होती. "हात साफ आहे पोराचा," ती म्हणाली. ब्लाउज शिवणाऱ्याबद्दल तिने हे कधी म्हटलेलं नाही.

पैसे टाक्यांवर होते. बाबांनी विचारलं, "चार कमी घातले तं नाई चालत का?" कारागीर काही बोलला नाही, त्याने दाबाची चाचणी करून दाखवली. थेंब नाही. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून किंचित वाकलं होतं, ते प्लेन मारून सपाट केलं. गॅरंटी विचारल्यावर म्हणाला, "टाक्यायची हाय जी. बाकी गाडीची तिच्या मायबापाले मागा."

इंजिन बसलं. पहिली फेरी लासूरच्या आनंदेश्वराला. काटा मध्याच्या पुढे सरकला नाही. परतल्यावर बाबांनी डिकी उघडली, तर आत कूलंटचा डबा आणि दुकानातून आणलेलं बॅटरीचं पाणी. मी काहीच बोललो नाही; भिंतीपलीकडचे काका मात्र बोललेच.

"मंग? पटलं का पान्याचं?"

"पानी आपलं चांगलंच हाय," बाबा डिकी लावत म्हणाले. "पन टाके अकोल्याचे हायेत नं. त्यायले सवय नाई."